पाचोळ्यातला दोन मिलिमीटरचा कोळी

सह्याद्रीतला ओलसर पाचोळा पांढऱ्या कापडावर चाळला की ऊनोपिडी कुळातले नारिंगी कोळी सापडतात. लांबी जेमतेम 2 मिमी, डोळे बहुतेकांना सहाच. पाचोळा बर्लेसी फनेलमध्ये (वर दिवा असलेलं नरसाळं; उष्णतेपासून पळत प्राणी खालच्या बाटलीत पडतात) ठेवायचा तर वरचा दिवा कमी वॉटचा घ्या, नाहीतर पाला भराभर सुकतो आणि कोळी खाली उतरण्याआधीच मरतात. नमुने 70 ते 80 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, डीएनएसाठीचे 95 टक्क्यांत.

जात ओळखताना रंगावर विसंबू नका, अल्कोहोलमध्ये तो उडतो. पिल्लांवरून तर जात ठरतच नाही. सगळा निकाल जननांगांवर. नराचा डावा पाल्प (तोंडाजवळचा पायासारखा अवयव, नर त्यानेच वीर्य मादीत सोडतो) काढून आतून, बाहेरून आणि खालून अशी तिन्ही चित्रं काढायची. मादीची अंतर्गत रचना बाहेरून नीट दिसत नाही; पोटाचा तो भाग कापून लॅक्टिक आम्लात किंवा 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करावा लागतो. पोटॅशमध्ये जास्त वेळ राहिला तर नाजूक नळ्या इतक्या पारदर्शक होतात की चित्र काढायला काही उरत नाही.

खरी डोकेदुखी पुढे. जुन्या कित्येक जाती फक्त मादीवरून वर्णिलेल्या आहेत. तुमचा ‘नवा’ नर त्यांच्यापैकीच एखादीचा जोडीदार निघू शकतो. म्हणून मूळ नमुने मागवून पाहा, नुसत्या कॅटलॉगमधल्या चित्रांवर नाव ठेवणं म्हणजे उतावीळपणा. होलोटाइप, म्हणजे नव्या जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना, एकच नेमा आणि जैवविविधता कायदा 2002 नुसार तो मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करा.