कॉइलवरचा ओहमचा आकडा आणि तो जळका वास

व्हेप म्हणजे ई-सिगारेट, लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण. त्याची कॉइल म्हणजे वापरून टाकून द्यायचा सुटा भाग. रोजचा वापर असेल तर ती साधारण एक ते दोन आठवडे चालते, लिक्विड फार गोड असेल तर त्याहून कमी. आत असते ती एक तार किंवा पातळ जाळी, तिला बिलगून कापूस, आणि बाहेरून धातूची छोटी डबी. डबीच्या अंगाला लिक्विड आत शिरण्यासाठी भोकं असतात. तार तापली की कापसातल्या लिक्विडची वाफ होते आणि कोरड्या होत चाललेल्या कापसात टाकीतलं लिक्विड झिरपतं. हे झिरपणं तापण्याच्या वेगाला पुरं पडलं नाही, की कापूस जळतो. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं, म्हणून पुढचं सगळं याच नजरेने वाचा.

आधी रोधाबद्दल. डबीवर १.२, ०.८, ०.४ असा ओहमचा आकडा कोरलेला असतो. आकडा जितका लहान तितकी तार जास्त वीज खेचते. हिशेब शाळेतलाच आहे: व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणजे वॉट. ३.७ व्होल्टला १.२ ओहमची कॉइल सुमारे ११ वॉट घेते, ०.८ ची १७, आणि ०.४ ची ३४. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, तेव्हा तीच १.२ ची कॉइल जवळजवळ १५ वॉटवर जाते. साध्या, पडदा (स्क्रीन) नसलेल्या, पेनच्या आकाराच्या व्हेपमध्ये बहुधा असंच चालतं, म्हणून चार्जिंगनंतरचे झुरके तिखट आणि बॅटरी उतरली की फिके लागतात. वॉट ठरवता येणाऱ्या उपकरणात आतलं सर्किट व्होल्टेज जुळवून घेतं. तिथे ओहमचा आकडा मुख्यतः कॉइल कुठल्या वॉटसाठी बनवली आहे ते सांगतो.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: कमी ओहम म्हणजे वरचा वर्ग, जास्त ओहम म्हणजे शिकाऊ. तसं काही नाही. ओढण्याच्या दोन पद्धती आहेत आणि आकडा त्यावर ठरतो. सिगारेटसारखं आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायचं असेल तर १.० ते १.८ ओहम, वॉट साधारण ८ ते १५, आणि हवेचं भोक आवळलेलं. दीर्घ श्वासासारखं थेट छातीत ओढायचं असेल तर ०.४ किंवा त्याखाली, ४० च्या आसपास किंवा अधिक वॉट, आणि हवेचं भोक सताड उघडं. ०.६ ते ०.८ हा मधला पट्टा. सिगारेट सोडण्यासाठी हे हातात घेणाऱ्याला पहिलीच पद्धत अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे १.० ते १.२ ओहमवर सुरुवात करणं बरं. जो सिगारेट ओढतच नाही त्याने यातल्या कुठल्याच ओहमच्या वाटेला जाऊ नये, कारण निकोटीनची सवय व्हेपनेही लागते.

आकडा ठरला की लिक्विडही बरंचसं ठरतं, आणि चुका जास्त इथेच होतात. लिक्विडमध्ये दोन मुख्य द्रव असतात: पातळ तो पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल), दाट तो व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन). १.० ओहमच्या वरच्या कॉइलची भोकं बारीक असतात. त्यात ७० टक्के व्हीजीचं दाट लिक्विड भरलं तर ते वेळेवर झिरपत नाही, आणि नवी कोरी कॉइल दुसऱ्या दिवशी जळते. अशा कॉइलला निम्मं-निम्मं मिश्रण योग्य. उलट ०.४ च्या मोठ्या भोकांत पातळ लिक्विड घातलं तर कॉइल बुडते, गुडगुड आवाज येतो आणि तोटीतून, म्हणजे तोंडात धरायच्या टोकातून, थेंब जिभेवर उडतात. निकोटीनचंही तसंच. कमी ओहमवर एका झुरक्यात वाफ कितीतरी जास्त निघते, म्हणून १.२ वर सोसणारं २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं निकोटीन सॉल्टचं लिक्विड ०.३ वर ओढलं तर चक्कर, मळमळ, डोकेदुखी ठरलेली. कमी ओहमला ३ किंवा फार तर ६ पुरे.

आता बदलण्याचं काम. आधी नवी कॉइल तुमच्या टाकीच्याच मालिकेची आहे का ते नावावरून ताडून पाहा. दिसायला हुबेहूब असलेली दुसऱ्या मालिकेची कॉइल अर्ध्या मिलिमीटरने बसत नाही आणि तेवढ्या फटीतून लिक्विड गळतं. उपकरण बंद करा, टाकी शक्यतो संपत आलेली असू द्या. आट्यांची कॉइल असेल तर टाकी उलटी धरून बूड उघडा आणि कॉइल फिरवून काढा. दाबून बसवायची असेल तर सरळ ओढा. हाताला निसटत असेल तर टिश्यू गुंडाळून धरा. पकडीने आवळू नका, डबी चेपते. टाकीचा तळ आणि संपर्काची पिन कोरड्या टिश्यूने पुसून घ्या.

नव्या कॉइलच्या अंगावरच्या प्रत्येक भोकात दिसणाऱ्या कापसावर लिक्विडचा एकेक थेंब सोडा, तो शोषला गेला की आणखी एक. मधल्या नळीत फार तर एक थेंब, नाहीतर सुरुवातच गुडगुडीने होते. मग कॉइल बसवा. आट्यांची असेल तर बोटांनी लागेल तेवढीच. जास्त आवळली तर पिन आत दबते आणि पुढे संपर्क तुटतो. दाबायची असेल तर तिची सपाट बाजू खाचेशी जुळवून ‘टक’ होईपर्यंत. रबरी रिंग मुडपलेली नाही ना, ते पाहा. टाकी भरा आणि दहा मिनिटं नुसती उभी ठेवा. दाट लिक्विडला पंधरा. बटणाचं उपकरण असेल तर बटण न दाबता तीन-चार हलके झुरके घ्या म्हणजे कापसात लिक्विड खेचलं जातं. ओढताच आपोआप सुरू होणारं असेल तर हे करताना पॉड (कॉइल आणि लिक्विड असलेला सुटा कप्पा) उपकरणातून बाहेर काढून ठेवा, नाहीतर कोरड्या कापसालाच चटका बसेल.

पडदा असेल आणि ‘नवी कॉइल?’ असं विचारलं तर होकार द्या, पण कॉइल थंड असतानाच. तापलेल्या तारेचा रोध वाढलेला असतो, स्टीलच्या तारेत तर बराच, आणि तोच चुकीचा आकडा उपकरण धरून बसतं. १.२ च्या कॉइलवर १.१५ किंवा १.२५ दिसलं तर चिंता नाही. आकडा सतत खालीवर होत असेल तर संपर्क सैल किंवा घाण आहे. कॉइल सापडत नाही असा संदेश आला तर टाकी पुन्हा लावा, पिन पुसा. शॉर्टचा आला तर ती कॉइल वापरू नका.

डबीवर वॉटचा पट्टा छापलेला असतो, समजा १० ते १४. खालच्या टोकापासून सुरू करा, पाच-सहा झुरके झाले की एकेक वॉट वाढवा, चव भरली की थांबा. पहिल्या दहाएक झुरक्यांना कापसाची किंचित चव येते, ती जाते. घशाला बसणारा जळका ठसका मात्र वेगळा, तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. तो आला की लगेच थांबा. कारणं ठरलेली: लिक्विडची पातळी भोकांच्या खाली गेलेली, वॉट जास्त, लिक्विड दाट, किंवा श्वास घेतल्यासारखे लागोपाठ झुरके. दोन झुरक्यांमध्ये निदान पंधरा-वीस सेकंद सोडा. एकदा काळा पडलेला कापूस परत पांढरा होत नाही, कॉइल धुऊन वाळवण्याचे उपाय वेळ घालवणारे आहेत. आणि जळक्या कॉइलवर ओढत राहिलं की फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यंही पोटभर मिळतात.

जळका वास नाही, पण चव हळूहळू कारमेलसारखी करपट आणि वाफ विरळ होत गेली, तर तारेवर गोडव्याचा थर जमलाय. सुक्रलोज ही कृत्रिम गोडी घातलेल्या लिक्विडने हे फार लवकर होतं. इथे वॉट वाढवून भागवायला जाऊ नका, थर आणखी करपतो.

गळतीचं बोलायचं तर, कॉइल नीट बसली असूनही गळत असेल तर ओढण्याचा जोर पाहा. वाफ कमी वाटते म्हणून जोराने खेचलं की लिक्विड मधल्या नळीत येतं. टाकी काढून खाली टिश्यू धरा आणि तोटीतून फुंका, नळी मोकळी होते. विमानप्रवासात हवेचा दाब बदलल्याने टाकी ओकते, म्हणून ती रिकामी करून न्या.

जुन्या कॉइलमध्ये निकोटीनचं लिक्विड मुरलेलं असतं आणि ते कातडीतूनही अंगात जातं. कॉइल टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डबीत टाका, लहान मुलं आणि पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही अशी. आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, विशेषतः डोळे चोळण्याआधी.