पाठ टेकली, आता खेळ सुरू

इंग्लंडात लेस्टरला गुरुवारी आमचा ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या झटापटीचा क्लास असतो. त्याचा पहिला धडा काय, तर पाठीवर झोपा! मी बडोद्याची, तीही दांडिया बाजारातली. प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यावरून रोजचं येणं-जाणं, घरात काकांना कुस्तीचं वेड. पाठ मातीला लागली की पहिलवान चीत, खेळ खलास, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथे ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा काळा पट्टा बांधलेला कोच सांगतो, पाठीवर पडलीस म्हणून काही बिघडलं नाही. समोरच्याला दोन्ही पायांत अडकव आणि खालूनच उलटव. ह्याला म्हणे ‘गार्ड’. उलटवलं की 2 गुण, वरच्याने गार्ड ओलांडला तर त्याला 3, छातीवर चढून बसला तर 4. आपली मान किंवा कोपर समोरच्याच्या पकडीत सापडलं की आपण हाताने थोपटायचं, तो लगेच सोडतो. तो डाव तिथेच संपला.

मला हे पचेना. झोपून कसली कुस्ती? कोचला धोबीपछाड समजावून सांगितली, चीतपट म्हणजे काय ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या दीडपट वजनाचा गडी माझ्या पोटावर बसवला. त्याचा हात छातीशी आवळून धर, त्याच बाजूचा पाय आपल्या पायाने अडव, आता कंबर उचल आणि खांद्यावरून वळ. गडी कलंडला की हो! तरी माझं म्हणणं कायम आहे: धोबीपछाडीने आपटलेल्या माणसाला गार्ड लावायला आधी शुद्ध असावी लागते.

त्याच हॉलमध्ये सोमवारी जपानी जुजुत्सूचा (जिऊ-जित्सूचं हे मूळ नाव) वर्ग भरतो. त्यात ठोसा आला की मनगट पिरगाळणं, सांधा उलटा करणं, फेकणं असे डाव ठरवून दिलेल्या क्रमाने घोटतात. ही सामुरायांची विद्या, घराणी अनेक. ताकेनोउची हे जुन्यांतलं जुनं, 1532 चं मानतात. जिगोरो कानो ह्यांनी तेन्जिन शिन्यो आणि कितो ही दोन घराणी शिकून, धोक्याचे डाव मोकळ्या झुंजीतून वगळून 1882 मध्ये तोक्योत कोदोकान ही शाळा काढली. तिथे शिकवलं तेच ज्यूदो. (माणिकरावांचा आखाडा, म्हणजे आपलं जुम्मादादा व्यायाम मंदिर, 1880 चं. दोन वर्षांनी थोरलं, एवढंच नमूद करते.) कोदोकानचे ज्यूदोपटू माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि त्याने भावांबरोबर जमिनीवरची झटापट वाढवत नेली. तेच आमचं ब्राझिलियन जिऊ-जित्सू. त्यातही दोन तऱ्हा आहेत. जाड सुती ‘गी’ घालून खेळलात तर कॉलर-बाही धरून गळा आवळता येतो, नुसत्या टी-शर्टवर खेळलात तर धरायला काही नाही, सगळं निसरडं.

नवीन शिकणाऱ्याने नावाच्या मागे लागू नये. समोरचा खरोखर विरोध करतोय अशी झटापट रोज होते का, तेवढं बघावं. आपल्या आखाड्यात तालीम म्हणजे हेच असतं. म्हणून मला सोमवारपेक्षा गुरुवार बरा वाटतो. सोमवारी ऑफिस उशिरा सुटतं हेही आहेच.

आईला काळजी वेगळी. “अगं, पुरुषांबरोबर लोळतेस?” तिला एडिथ गॅरुडची गोष्ट सांगितली. पाच फुटांहूनही बुटकी बाई, पण शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये मताधिकार मागणाऱ्या बायकांना पोलिसांशी झुंजायला जुजुत्सू शिकवत होती. आई म्हणाली, “तिचं लग्न झालं होतं का?” झालं होतं, आणि नवराही जुजुत्सूच शिकवायचा. त्यावर आईने विषय बदलला.

काका मात्र फोनवर ऐकवतातच: दाराशी आखाडा असताना शिकली नाहीस, आता गोऱ्यांना पाउंड मोजून शिकतेस. दाराशी होता, खरं आहे. पण दादाला लंगोट बांधून मातीत पाठवताना मला घरात गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालायला कोणी बसवलं होतं, काका?