रिकाम्या पोटाच्या चिलाप्या

उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरण्याजोगा साठा संपला, की मासळीच्या नोंदी ठेवणाऱ्या आमचं काम वाढतं. पाणी कमी, मासळी कोंडलेली, जाळी भरलेली. आम्ही काठावर बसून लांबी, वजन, नर-मादी, गाभोळीची (अंड्यांच्या पिशवीची) अवस्था लिहून घेतो. चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) पाठीवरचे काटे हातमोज्यातूनही घुसतात आणि तासाभरात मोजपट्टीवरचे आकडे चिकटाखाली दिसेनासे होतात. बाकी सगळी कारकुनी.

त्या सकाळी जलाशयाकाठच्या भिगवणच्या बाजूला उतरलो, तर पाणी सरलेल्या चिखलात दूरवर ताटांएवढे गोल खड्डे. चिलापीचा नर तोंडाने चिखल उचलून हे उकरतो. विणीच्या काळात मोझांबिका जातीच्या चिलापीचा नर काळाकुट्ट होतो, गळा पांढरा, शेपटीची कड लाल. (शेपटीवर उभे पट्टे दिसले तर मात्र ती नायलोटिका, दुसरी जात. घाईत दोन्ही एकाच नावाखाली ढकलणारे आमच्यात कमी नाहीत.)

होडीतून आलेल्या ढिगात बोटाच्या लांबीच्या माद्या पुष्कळ होत्या. पोट फाडलं की गाभोळी लुळी, रिकामी. आमच्या तक्त्याप्रमाणे याचा अर्थ अंडी टाकून मोकळी झालेली मादी. तिचा विणीचा हंगाम संपला. मी तसं लिहीत होतो, तेवढ्यात मासळी निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "साहेब, ह्या मोकळ्या कुठल्या? गळा बघा की."

त्यांनी एकीचा खालचा जबडा अंगठ्याने हळूच दाबला. तळहातावर पिवळी, लांबट अंडी पडली. जवळ धरून पाहिलं तर प्रत्येकात दोन काळे ठिपके, पिल्लांचे डोळे. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातही तशीच अंडी पसरलेली. जाळ्यात धडपडताना माद्यांनी थुंकलेली.

चिलापी तोंडात अंडी उबवते हे आम्हाला कॉलेजातच पाठ असतं. खड्ड्यात अंडी घालून मादी ती लगेच तोंडात घेते, नराचं वीर्यही तोंडातच घेते. तीनेक आठवडे अंडी-पिल्लं सांभाळते, त्या काळात फारसं खात नाही. बाहेर सोडलेली पिल्लं धोका दिसला की परत तिच्या तोंडात शिरतात. पण तोंडात अंडी असलेल्या माद्या एवढ्या लहान असतील, असं वाटलं नव्हतं. हा मासा फूटभर सहज वाढतो. गर्दीच्या पाण्यात मात्र वाढ सोडून देतो आणि दोन-तीन महिन्यांचा असतानाच विणीला लागतो. गाभोळीवर अवलंबून असलेल्या आमच्या तक्त्यात तोंडासाठी रकानाच नाही. तक्ता बनला रोहू-कतल्यासाठी; वरच्यांना फोन केला तर उत्तर आलं, "शेऱ्यात टाका." शेरे कोण वाचतं!

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांवर बंदी आहे ती लहान मासळी वाढावी म्हणून, आणि कतल्यासाठी ती बरोबरच आहे. रोहू-कतल्याला विणीसाठी पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून जलाशयात दरवर्षी बीज सोडावं लागतं. ते बोटुकलीतच उपसलं तर हाती काय उरणार? पण त्याच मोठ्या आसातून बोटभर चिलापी निसटते, आणि ती तर आधीच तोंडात पुढची पिढी घेऊन फिरते आहे. 1952 साली तिला आफ्रिकेबाहेरच्या साठ्यांतून भारतात आणलं ते स्वस्त प्रथिनं म्हणून. आता तिला परकी, घुसखोर म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्या काठावर रोजच्या पाटीत चिलापीच जास्त असते आणि तिच्यावरच घरं चालतात.

मावशींना विचारलं, बारीक जाळं चिलापीपुरतं सोडलं तर? त्या हसल्या. "जाळ्याला काय कळतंय, कोण चिलापी नि कोण कतला?"

शेऱ्यात मी गळ्याबद्दल लिहिलंय. जाळ्याबद्दल काय लिहावं ते अजून ठरत नाही, आणि अहवाल या आठवड्यात द्यायचाय.