वारा सरेपर्यंत

फेब्रुवारीत गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये माझ्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला आणि लहान आतडं पुढच्या भागाला जोडलं. ऑपरेशन सुरळीत झालं. खरा कस लागला तो नंतरच्या पाच दिवसांत.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे पाणी घेतलं आणि हिरवी उलटी झाली. नाकातून नळी घातली. पोट ढोलासारखं फुगलेलं. सिस्टर सकाळ-संध्याकाळ एकच विचारायच्या, "काकू, वारा सरला का?" आधी लाज वाटायची, तिसऱ्या दिवशी त्या प्रश्नाचीच धास्ती बसली. आतला जोड सुटला असणार, हे मनातून जाईना. निफाडहून मामांनी द्राक्षांची पेटी पाठवली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. सासूबाई बेंबीभोवती हिंग लावू का म्हणाल्या. टाक्यांमुळे नको म्हटलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी नीट समजावलं. आतड्याच्या स्नायूंच्या थरांत मॅक्रोफेज नावाच्या, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी कायमच्या वस्तीला असतात. ऑपरेशनमध्ये आतडं कितीही हलक्या हाताने हाताळलं तरी त्या चेतवल्या जातात. त्यांच्या हाकेसरशी काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट, स्नायूंत गोळा होतात. तिथे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार होतात आणि स्नायू आकुंचन पावेनासे होतात. शिवाय हात न लागलेला भागही मंदावतो. लहान आतडं सहसा दिवसभरात सावरतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यात उशिरा, दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून जास्त.

"मग या पेशींनाच थोपवायचं औषध द्या ना," यांनी विचारलं. माझ्याही मनात तेच होतं. उत्तर ऐकून मात्र मी थक्क झाले. बाहेरून आलेले तेच मोनोसाइट पुढे रूप बदलून सूज उतरवतात. उंदरांमध्ये त्यांना आतड्यात येऊ दिलं नाही, तेव्हा आतडं उलट उशिरा चालू झालं. ज्यांना मी क्षणापूर्वी शत्रू समजत होते, त्यांच्याच भरवशावर मला पडून राहायचं होतं!

जोडाची काळजी डॉक्टरांनाही होती. म्हणून तर रोज ताप, नाडी आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, बघत होते. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस चढतोच, त्यानंतरही चढत राहिला तर जोडावर संशय घ्यायचा. माझा चौथ्या दिवशी उतरला. रिपोर्ट हातात आला आणि मला रडू फुटलं.

मॉर्फीनच्या जातीची वेदनाशामकं आतडं आणखी सुस्त करतात, म्हणून ती थांबवून पॅरासिटामॉलवर भागवलं. दुखलं, पण सोसलं. च्युइंगगम चघळायला दिलं. चघळण्याने जेवण येतंय असा निरोप मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत आतड्याला जातो. फायदा थोडाच, पण मी नेमाने चघळलं. सलाईनचा स्टँड धरून वऱ्हांड्यात फेऱ्याही मारल्या, पोटाला उशी दाबून.

पाचव्या दिवशी पहाटे पोटात गुडगुडलं, आणि वारा सरला. हे बाकावर झोपले होते, त्यांना हाक मारून उठवलं. सिस्टर यायच्या आधीच मी बेल दाबली होती.

दुपारी अर्धी वाटी भाताची पेज मिळाली. चमच्याचमच्याने घेतली. या वेळी ती पोटात राहिली.