अंगावर पाजणाऱ्या आईने कोरोनाची लस घ्यावी का?

लसीकरण मोहीम 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाली तेव्हा स्तनदा मातांना वगळले होते. लसीने त्यांना अपाय झाल्याचे आढळले होते असे नव्हे, तर सुरुवातीच्या चाचण्यांत अशा स्त्रियांचा समावेशच नव्हता. पुढे 19 मे 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तज्ज्ञगटाची शिफारस स्वीकारून त्यांनाही लस खुली केली. तरीही आमच्या सांगलीत "दोन दिवस अंगावर पाजू नकोस, दूध पिळून टाक" असा सल्ला वडीलधाऱ्या बायका छातीठोकपणे देत, आणि माझी धाकटी जाऊ वाटीतले दूध मोरीत ओतताना रडकुंडीला येई.

वास्तविक त्याची काहीच गरज नव्हती. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला विषाणू असतो, तर कोविशील्डमधील वाहक विषाणूची (म्हणजे लसीतला संदेश पेशींपर्यंत पोचवणाऱ्या दुसऱ्याच विषाणूची) शरीरात वाढ होऊ शकत नाही. त्यामुळे या लसींमुळे आईला किंवा दुधावाटे बाळाला कोरोनाची लागण होणे शक्य नाही. उलट लसीनंतर तयार होणारी प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने, अँटीबॉडीज) दुधात उतरतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र तेवढ्याने बाळाला पूर्ण कवच मिळाले असे समजू नये. लस घेतल्यावर दंड दुखतो, अंगात कणकण येते, आणि त्यासाठी योग्य मात्रेत घेतलेली पॅरासिटामॉलची गोळी पाजत्या आईलाही चालते. पाजणे एकाएकी थांबवले, तर छाती दगडासारखी होऊन ताप येऊ शकतो, आणि तोही (आपल्याकडे हे ठरलेलेच) लसीच्या माथी मारला जातो.