ओहोटीला बघितलेली जागा

होडी आधी घेतली आणि ती ठेवायची कुठे हे शोधायला नंतर निघालो. अठरा फुटी, फायबरची, दोन शिडांची, तळाखालची मधली पाती वर उचलता येणारी. जुनी होती म्हणून परवडली. मुंबईत ती पाण्यात बांधून ठेवायला जो खर्च सांगितला गेला, तेवढ्यात अशीच दुसरी होडी आली असती. मग मी रेवदंड्याच्या खाडीकडे वळलो.

कुंडलिका इथे समुद्राला मिळते आणि मुखाशी कोर्लईचा डोंगर आडवा उभा आहे. साळावचा पूल मात्र लक्षात ठेवावा लागतो. होडीला डोलकाठी असल्यामुळे मला जागा पुलाच्या समुद्राकडच्या बाजूलाच हवी होती. बार्जेसची वाटही सोडायची होती. एवढं ठरवून तीन रविवार काठाने हिंडलो आणि एक जागा पसंत केली. शांत पाणी, रस्त्यापासून जवळ, वरून गर्द सावली.

तिथल्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नाखव्यांना जागा दाखवली. जाळं विणता विणता त्यांनी मान वर केली. "भरतीला काय बघतोस? ओहोटीला ये, मंग खाडी खरी कशी हाय ती दिसंल."

अमावस्येनंतरच्या द्वितीयेला संध्याकाळी गेलो. माझ्या पसंतीच्या जागी पाण्याचा थेंब नव्हता. घोटाभर चिखल, त्यात कालवांनी भरलेले धारदार दगड. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढउतार करतं. हे मी वाचलं होतं, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. नाखवा मला आणखी शंभर पावलं खाली घेऊन गेले. तिथे पूर्ण ओहोटीलाही कमरेएवढं पाणी होतं आणि तळ मऊ होता. "हितं बांध. पन आधी समद्यांना विचार."

ते विचारणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कागदावर खाडी कुणाचीही असो, रोज पहाटे तिथून होड्या काढणारे लोक आहेत, त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटा आहेत. बंदर कार्यालयातल्या नोंदणीला दीड महिना आणि चार खेपा लागल्या, पण ती कधीतरी होणारच होती. वाड्यातल्या लोकांनी नाही म्हटलं असतं तर मी आलोच नसतो. महिन्याला ठरावीक रक्कम राखणीची, आणि जून ते सप्टेंबर होडी काठावर, त्यांच्या होड्यांशेजारी शाकारलेली, असं ठरलं.

होडी कायमची बांधायला नांगरापेक्षा तळाशी सोडलेला काँक्रीटचा ठोकळा बरा, कारण तो गावातला गवंडीही ओतून देतो. मात्र पाण्यात काँक्रीटचं वजन चाळीसेक टक्क्यांनी घटतं. माझा 400 किलोचा ठोकळा तळाशी जेमतेम 235 किलोचा. म्हणून मऊ तळ हवा, ठोकळा त्यात रुततो आणि चिखल त्याला धरून ठेवतो. तळाला जाड साखळी, वर दोर, दोन्हींच्या मधे भोवरकडी, नाहीतर दर भरतीओहोटीला होडी फिरून दोराला पीळ बसतो. शॅकलचे, म्हणजे साखळी जोडणाऱ्या लोखंडी कड्यांचे, खिळे तारेने आवळून बांधायला नाखव्यांनी बजावलं. नाहीतर ते हळूहळू सुटतात.

ठोकळा पोचवला तो क्रेनशिवाय. ओहोटीला दोन होड्या शेजारी शेजारी आणून त्यांच्यावर आडवे वासे टाकले, ठोकळा त्या वाशांना करकचून बांधला आणि आम्ही चहा प्यायला गेलो. तीन तासांनी पाण्याने दोन्ही होड्या उचलल्या, खाली ठोकळाही अधांतरी. वल्हवत जागेवर नेलं आणि दोर कापला. मी अजूनही ते दृश्य विसरलेलो नाही.

होडी पाण्यात सोडण्यासाठी कार्तिकी पौर्णिमेनंतरची द्वितीया निवडली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, दोनाला दीड, म्हणजे दुपारी दीडची भरती. आम्ही साडेबारालाच ट्रेलर उतारावर लावला. पाणी चढत असताना अडकलो तर पाणीच उचलून घेतं, उतरताना अडकलो तर बारा तासांची निश्चिंती. उताराचं काँक्रीट पाण्याखाली एका जागी तुटून संपतं. ते ओहोटीला बघून ठेवलं होतं, कडेला बांबू रोवला होता. चाकं बांबूच्या हातभर अलीकडे थांबली आणि होडी स्वतःहून तरंगू लागली.

त्या दुपारी शीड उभारलं नाही. वायव्येचा वारा वाढला होता आणि बाहेर पडणाऱ्या ओहोटीशी भिडून मुखाशी तोकड्या, उभ्या लाटा उठत होत्या. वल्हवतच बोयापर्यंत, म्हणजे ठोकळ्याच्या दोराला वर बांधलेल्या तरंगत्या पिंपापर्यंत, नेली आणि बांधली. आठ वाजून गेल्यावर, चांदणं पाण्यावर आलं असताना, काठावर बसून बघत होतो. तोवर पुलाकडे तोंड करून उभी असलेली होडी सैल पडली, आडवी झाली आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे वळवून थांबली. भरती लागली होती.