मिशी, मास्क आणि चार दिवस पालथं तरंगणं

आधी मिशीचं सांगून टाकते कारण अख्ख्या ट्रिपची सुरुवात तिथूनच झाली. स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्या-नाकावर मास्क, तोंडात नळी, आणि पालथं तरंगत समुद्राच्या आतलं बघायचं. मिशी असलेल्या माणसाचा हा मास्क गळतो. सिलिकॉनची कड चेहऱ्याला घट्ट चिकटायला हवी आणि वरच्या ओठावर जंगल असेल तर प्रत्येक केसाच्या कडेने पाणी वाट काढत आत शिरतं. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या मिशाळला हे पटायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्याने मास्कचा पट्टा इतका आवळला की संध्याकाळी जेवतानाही चेहऱ्यावर गोल वळ दिसत होता (आणि पट्टा आवळला की कड वाकडी होऊन उलट जास्त गळतं बरं का). दुसऱ्या दिवशी मिशीला व्हॅसलिन थापलं, त्याने जरा फरक पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बाथरूममधून बाहेर आला आणि आम्ही कोणी ओळखलंच नाही, कॉलेज संपल्यापासून पहिल्यांदा त्याचा वरचा ओठ दिसत होता. बायकोला व्हिडिओ कॉल करायची हिंमत त्याने परत येईपर्यंत केली नाही.

तर आम्ही पाच जण. मी, माझी जुनी रूममेट, मिशाळ, एक डॉक्टर, आणि काठ्या. काठ्या हे अर्थातच टोपणनाव आहे. परीक्षेत काठावर पास आणि पाणी दिसलं की काठावर बसणार, म्हणून काठ्या. त्याला पोहता येत नाही. स्नॉर्कलिंगच्या ट्रिपला न पोहणारा माणूस कशाला नेला असं विचारू नका, तो ग्रुपवर सगळ्यात आधी 'येतो' म्हणाला होता आणि पैसेही सगळ्यात आधी त्यानेच भरले होते. आम्ही गेलो ते बेट एवढंसं, रमतगमत चाललं तरी पाऊण तासात चक्कर पूर्ण. मोबाईलला रेंज फक्त जेट्टीच्या टोकाला. करायला दुसरं काही नाही म्हणून माणूस दिवसातून दोनदा पाण्यात जातोच जातो.

मला लहानपणापासून पोहता येतं, तलावात सलग पन्नास फेऱ्या मारते, त्यामुळे मी जरा हवेत होते. पण तोंड पाण्यात आणि श्वास तोंडाने हा प्रकार मेंदूला मान्यच होत नाही हो! पहिला मिनिटभर मी नळी तोंडात धरून श्वास रोखूनच बसले होते, गाईडने पाठीवर थाप मारली तेव्हा एकदाचा घेतला, आणि स्वतःच्या श्वासाचा तो घॉर्र घॉर्र आवाज ऐकून अजूनच घाबरले. मग पाचेक मिनिटांत जमलं. मिशाळने बोटीवर एक शंका काढली, नळी एवढीशीच का, चांगली दोन मीटरची केली तर खालूनच आरामात बघता येईल की. डॉक्टरला हेच हवं होतं. त्याने मग सगळ्यांना थांबवून समजावलं की लांब नळीत आपणच सोडलेली हवा अडकून राहते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत येते, आणि वर पाण्याचा दाब छातीवर बसतो तो वेगळाच, मीटरभर खाली गेलं तरी नुसत्या नळीतून छाती फुगवून श्वास घेणं जवळपास अशक्य. म्हणून नळी ३५-४० सेंटीमीटरचीच असते. म्हणजे लहानपणी गोष्टींमध्ये शत्रूपासून लपायला लोक बोरूची पोकळ काडी तोंडात धरून नदीच्या तळाशी बसून राहायचे ते सगळं थापा.

काचेवर धुकं धरतं त्याला इलाज म्हणजे थुंकी. खरंच. आतून थुंकायचं, बोटाने पसरायचं, पाण्यात एकदा विसळायचं. रूममेटने पहिल्या दिवशी ईईई केलं आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर सगळ्यात जोरात तीच थुंकत होती.

दुसरी गोष्ट, पाण्याखाली मास्कमधून सगळं चौथ्या हिश्श्याने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठं दिसतं, प्रकाश पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना वळतो म्हणून. हे मला आधी माहीत असतं तर मी शार्क शार्क करून बोटीवर धाव घेतली नसती. ती होती ब्लॅकटिप रीफ शार्क, मोठी झाली तरी दीड मीटरच्या आसपास भरते आणि माणूस दिसला की तीच पळते. पाण्यात ती मला दोन मीटरची दिसली, बोटीवर चढेपर्यंत तीनची झाली आणि रात्री गच्चीवर सांगताना... असो.

पाण्याखाली शांतता असेल असं मला वाटायचं. छे! सतत कडकड कडकड चालू असते, जणू कोणी लांबवर सुक्या काटक्यांची शेकोटी पेटवली आहे. ते बरेचसे स्नॅपिंग श्रिंप, बोटभर कोळंबीसारखा जीव, पण आकडा मिटताना फटाक्यासारखा आवाज काढतो. आवाज कुठून येतोय ते मात्र अजिबात कळत नाही कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच पोचतो. म्हणून बोटीचं इंजिन ऐकू आलं की आधी डोकं वर काढून चारी बाजूला बघायचं, हा गाईडचा पहिला नियम होता.

आणि दुसरा आवाज पोपटमाशांचा. निळे-हिरवे-गुलाबी, चोचीसारखे दात, आणि प्रवाळाचा दगड सरळ कुरतडतात, कर्रम कर्रम ऐकू येतं. त्यांना हवं असतं दगडावरचं आणि आतलं शेवाळ वगैरे, दगडाचा चुरा घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून बाहेर पडतो पांढरी शुभ्र वाळू म्हणून. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो. ही माहिती डॉक्टरने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली, आणि पहिल्या दिवशी त्याच वाळूत लोळून, गालाला लावून काढलेले माझ्या रूममेटचे फोटो तोपर्यंत सगळीकडे टाकून झाले होते.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच जरा पुढे गेले, खाली वाळूत एक मोठा मासा खड्ड्याभोवती फिरत होता, छान दिसत होता म्हणून मी वरून बघत राहिले. तो होता टायटन ट्रिगरफिश आणि खड्डा म्हणजे त्याचं घरटं, अंड्यांसकट. हा मासा पाऊण मीटरपर्यंत वाढतो आणि घरट्यावर असला की समोर कोण आहे ते बघत नाही. तो असा तिरका होऊन सरळ माझ्या तोंडावर आला! मी किंचाळले, नळीत पाणी गेलं, आणि जीव घेऊन वर वर आले, जे अगदी चुकीचं होतं, कारण त्याची हद्द घरट्यापासून वर फनेलसारखी रुंद होत जाते. वर गेलात की तुम्ही अजून त्याच्याच हद्दीत. आडवं पळायचं असतं. उजव्या फिनच्या (पायात घालायचं ते रबरी वल्हं) टोकाला त्याने चावा घेतला, दातांची खूण स्पष्ट दिसत होती, आणि फिन भाड्याची होती.

कासवाचंही तसंच. हिरवं समुद्री कासव दिसलं, समुद्री गवत चरत होतं शांतपणे, आणि मी, पन्नास फेऱ्यावाली, निघाले त्याच्यामागे. ते पुढे, मी मागे, ते अजून पुढे. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि आपण डोक्यावर घिरट्या घातल्या तर ते घाबरून वर येतच नाही, हे मला नंतर गाईडने सगळ्यांसमोर सुनावलं. चांगलंच लागलं मला. पण चूक माझीच होती.

या सगळ्या वेळात काठ्या काय करत होता? तर लाइफ जॅकेट घालून, लाल रिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून, बोटीपासून वीस पावलांवर एकाच जागी पालथा तरंगत होता. रिंगला दोरी, दोरी बोटीला. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी तासभर, मग त्याला बोलावून बोलावून बाहेर काढायला लागायचं. आम्ही तिघं-चौघं रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन दमून यायचो आणि रात्री हा बसून शांतपणे सांगायचा. खालच्या दगडाच्या भोकात ईल (सापासारखा लांब मासा) आहे, तोंड सारखं उघडं असतं, पण ती चावायला नाही, श्वासासाठी तोंडातून पाणी घेते असं गाईड म्हणाला. ऑक्टोपस दगडासारखा बसला होता आणि मग एकदम पांढरा झाला. समुद्रफुलातल्या (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) क्लाउनफिशमध्ये सगळ्यात मोठी ती मादी, ती इतरांना दमात ठेवते, आणि ती मेली तर तिचा नर पुढे मादी होतो. आम्ही म्हणायचो हो का, छान. मनात म्हणायचो फेकतोय. आणि तिसऱ्या दिवशी कासव त्याच्या रिंगशेजारी, हातभर अंतरावर, वर आलं, फूस करून श्वास घेतला आणि गेलं. हे मात्र रूममेटने बोटीवरून बघितलं त्यामुळे फेकतोय म्हणायची सोयच राहिली नाही. मी त्या रात्री त्याच्याशी नीट बोलले नाही, खरं सांगते.

शेवटच्या सकाळी मला पोहायचं त्राणच नव्हतं. चार दिवस पालथं पडून माझ्या मांड्यांची मागची बाजू आणि गुडघ्यांच्या लवणी भाजून निघाल्या होत्या, पुढून माणूस आणि मागून शुद्ध माकड. सनस्क्रीन मी मुद्दाम कमी लावलं होतं, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे, पलाऊ या बेटांच्या देशात त्याच्या वर्षभर आधीपासून अशी क्रीम चालत नाहीत, प्रवाळाला त्रास नको म्हणून. ते ठीक, पण मग अंगभर पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर हसला फक्त. तर मी काठ्याच्या रिंगची दुसरी बाजू धरली आणि पाय न हलवता पडून राहिले.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. एक टेबलाएवढा दगड. मग काठ्याने एक बोट सोडून दाखवलं (एकच, बाकी नऊ रिंगला घट्ट). दगडाच्या कोपऱ्यावर दोन बोटभर लांबीचे निळे मासे, अंगावर काळा पट्टा, वर-खाली डोलत. त्यांच्यासमोर एक जाडजूड ग्रूपर मासा येऊन थांबला आणि त्याने आ केला. आणि त्यातला एक पट्टेवाला सरळ त्याच्या तोंडात शिरला! मला वाटलं संपला. तर नाही, आत इकडेतिकडे टोचून गालफडाच्या फटीतून आरामात बाहेर. हे क्लीनर रॅस, मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी वेचून खातात, आणि एरवी अशा माशांचा फडशा पाडणारा ग्रूपर त्यांना काही करत नाही. मागे अजून दोघं वाट बघत थांबलेले. अक्षरशः रविवारचं सलून. मधेच एक गिऱ्हाईक दचकून बाजूला झालं, कारण या पट्टेवाल्यांना परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो आणि लक्ष नाही असं बघून ते लबाडीने त्याचाच चावा घेतात. वर एक ब्लेनी जातीचा मासा हुबेहूब असाच दिसतो, असाच डोलतो, आणि गिऱ्हाईक जवळ आलं की पराचा तुकडा तोडून पळतो. म्हणजे तिथेही भोंदू आहेतच.

त्याच दगडाची उथळ बाजू मात्र पांढरी पडली होती. मला आधी ती सुंदर वाटली होती, पहिल्या दिवशी तिचेच फोटो काढले होते मी. गाईड म्हणाला ती आजारी आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शेवाळ बाहेर टाकतो, रंगही त्याचा आणि बरंचसं अन्नही त्याचंच. पांढरा म्हणजे मेलेला नाही, पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं की जगभर एकाच वेळी असं होण्याची ही चौथी खेप. ते मी तेव्हा मोबाईलवर वाचून पुढे सरकवलं होतं.

परत आल्यावर फोटो एकत्र केले. माझे सहाशे, त्यातले निम्मे निळा धूर आणि कासवाची पाठमोरी शेपटी. पाच-सहा मीटरखाली लाल रंग जवळपास दिसेनासाच होतो त्यामुळे खालचं सगळं एकाच रंगाचं. काठ्याचा एकही फोटो नाही, हात रिकामे होते कुठे. मिशाळची मिशी निम्मी उगवली आहे आणि पुढच्या वर्षीपर्यंत ती ठेवायची की नाही यावर घरी चर्चा चालू आहे असं कळतं.

आणि काल ग्रुपवर काठ्याने सांगितलं की त्याने पोहण्याच्या क्लासला नाव घातलंय. आम्ही चौघंही त्याला नको म्हणून समजावतोय.